पावसाळ्यातल्या बॅचची ताकद का घसरली? सिलिकॉन नायट्राइडच्या पावडरीची मशागत

रबाळे_भट्टी (धागा सुरू करणारे)

नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमचा सात-आठ माणसांचा छोटा कारखाना आहे आणि मोटारींच्या पत्र्याला नट जोडणाऱ्या वेल्डिंग यंत्रांसाठी आम्ही सिलिकॉन नायट्राइडच्या पिना बनवतो. ज्यांना हा माल परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ही पिन पत्र्याच्या भोकातून वर येते, तिच्यावर नट बसतो, वरून इलेक्ट्रोड दाबला जातो आणि वीज सोडली जाते. पिनेतून वीज वाहून चालत नाही, उडालेले वितळलेले लोखंड तिला चिकटता कामा नये, आणि दर काही सेकंदांनी बसणारा उष्णतेचा धक्का व नटाचा ठोका तिने मुकाट सोसला पाहिजे. ॲल्युमिनाची पिन या धक्क्याने तडकते, म्हणून हा महागडा पदार्थ वापरावा लागतो.

अडचण अशी आहे की मार्च महिन्यातली बॅच उत्तम निघाली आणि जुलैमधली नापास झाली. मिश्रण दोन्ही वेळा तेच होते: ९२ टक्के अल्फा जातीची सिलिकॉन नायट्राइड पावडर (अल्फा आणि बीटा ही तिच्या स्फटिकांची दोन रूपे), ५ टक्के यिट्रिया (यिट्रियमचा ऑक्साइड) आणि ३ टक्के ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचा ऑक्साइड). भट्टी तीच, नायट्रोजनचा दाब १० बार, तापमान १८०० अंश सेल्सिअस, त्यावर दोन तास. भाजून निघालेल्या मालाची घनता दोन्ही वेळा ३.२३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर आली. मात्र सोबत भाजलेल्या ३ × ४ × ४५ मिलिमीटरच्या पट्ट्या चार बिंदूंवर वाकवून मोडल्या, तेव्हा मार्चची सरासरी ७८० मेगापास्कल आणि जुलैची ५९० मेगापास्कल निघाली. त्याहून वाईट म्हणजे जुलैच्या पट्ट्यांमध्ये एखादी ७२० ला तर एखादी ४३० लाच मोडली. गिऱ्हाइकाकडून टोकाशी तुटलेल्या पिना परत आल्या आहेत.

भट्टीचे तापमापन तपासून घेतले, त्यात दोष नाही. आमचे फोरमन म्हणतात की पाऊस लागला की सगळेच असे होते. हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, म्हणून जाणकारांना विचारतो आहे.

तळोजा_रिफ्रॅक्टरी

तापमापन बरोबर दाखवले म्हणजे भट्टी निर्दोष ठरत नाही, असे माझे मत आहे. सिलिकॉन नायट्राइड वितळत नाही, त्याचे विघटन होते. एका वातावरणाच्या नायट्रोजनमध्ये साधारण १८५० अंशांच्या पुढे ते सिलिकॉन आणि नायट्रोजन असे सुटे होऊ लागते, आणि त्याआधीच सिलिकॉन मोनॉक्साइडच्या वाफेच्या रूपाने थोडे वजन जाऊ लागते. याच कारणाने तुम्ही १० बारचा दाब ठेवता. पावसाळ्यात वीज गेल्यावर दाब उतरला असेल, किंवा नायट्रोजनच्या नळीत ओल राहिली असेल, तर माल पृष्ठभागाजवळ सच्छिद्र होतो आणि वाकवताना तणाव नेमका पृष्ठभागावरच सर्वांत जास्त असतो. भाजताना वजन किती घटले ते कृपया सांगावे.

रबाळे_भट्टी

दोन्ही बॅचमध्ये घट एक टक्क्याच्या आसपास आहे, फरक नगण्य आहे. क्रुसिबलमध्ये सिलिकॉन नायट्राइड व बोरॉन नायट्राइडची पूड भरून त्यात माल ठेवतो. चाचणीच्या पट्ट्या भाजल्यावर चारी बाजूंनी घासून घेतलेल्या आहेत, त्यामुळे वरचा थर तसाही निघून गेलेला होता. वीज दोनदा गेली खरी, पण ती बाइंडर, म्हणजे पावडर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, जाळण्याच्या भट्टीच्या वेळी.

तळोजा_रिफ्रॅक्टरी

मग मी भट्टीचा आरोप मागे घेतो. घट समान, घनता समान आणि पृष्ठभाग घासलेला असेल, तर दोष भट्टीच्या आधीचा आहे.

ऐरोली_निवृत्त

मी सिरॅमिकच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षे काढली आहेत आणि रबाळेकरांनी विचारलेला हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत अनेकदा पाहिला आहे. सर्वप्रथम घनतेविषयीचा गैरसमज दूर केला पाहिजे, कारण बहुतेक छोटे कारखाने घनता बरोबर आली की निर्धास्त होतात.

तुमच्या पट्टीचे घनफळ ५४० घन मिलिमीटर आहे. तिच्यात ५० मायक्रॉन व्यासाची एक गोल पोकळी राहिली असे समजा. त्या पोकळीचे घनफळ पट्टीच्या सुमारे ८० लाखांव्या भागाइतके येते. घनता मोजण्याचा तराजू तिसऱ्या दशांश स्थळावर थकतो, त्याला ही पोकळी कधीच दिसणार नाही. तशा शंभर पोकळ्या असल्या तरी दिसणार नाहीत. पट्टी मात्र त्या शंभरांपैकी तणावाखाली येणाऱ्या सर्वांत मोठ्या एकीपासूनच मोडणार आहे.

ठिसूळ पदार्थाची ताकद दोन गोष्टींवर ठरते, हे ग्रिफिथने १९२० च्या सुमारास काचेवरून दाखवून दिले. एक म्हणजे पदार्थाचा भंग-चिवटपणा, म्हणजे तडा पुढे सरकण्याला तो किती विरोध करतो, आणि दुसरी म्हणजे त्यात आधीपासून असलेल्या दोषाचा आकार. ताकद ही दोषाच्या आकाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. दोष चौपट झाला की ताकद निम्मी होते. तुमचे आकडे यात घालून पाहू. चिवटपणा साधारण ६ मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर धरला, तर ७८० ला मोडणाऱ्या पट्टीतला दोष ४०-५० मायक्रॉनचा आणि ५९० ला मोडणाऱ्या पट्टीतला ७०-८० मायक्रॉनचा येतो. म्हणजे तुमच्या जुलैच्या मालात कोठून तरी पाऊणपट अधिक मोठा दोष शिरला आहे. आता हा आकार लक्षात ठेवा आणि स्वतःलाच विचारा की तुमच्या कारखान्यात ७०-८० मायक्रॉनची कोणती वस्तू आहे. मूळ पावडरीचा कण तर एक मायक्रॉनहूनही लहान असतो.

उत्तर बहुधा दाणा हेच आहे. साच्यात नीट वाहावी म्हणून पावडरीचे जे गोल दाणे करतात, त्यांचा आकार नेमका याच टप्प्यात असतो. त्यामुळे मार्च ते जुलै या काळात दळण्याच्या आणि दाणे करण्याच्या पद्धतीत काय बदलले, हे प्रामाणिकपणे लिहावे. आपल्याकडे "काहीच बदलले नाही" असे सांगितले जाते आणि मग चहाच्या वेळी चार बदल बाहेर येतात.

रबाळे_भट्टी

काका, आपण चहाआधीच पकडलेत. तीन गोष्टी बदलल्या होत्या आणि त्या महत्त्वाच्या वाटल्या नाहीत म्हणून मी लिहिल्या नव्हत्या.

मार्चपर्यंत आम्ही आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉल मिलवर २४ तास दळत होतो, अल्कोहोल उडवून पावडर वाळवत होतो आणि चाळणीतून घासून मऊ दाणे करत होतो. अल्कोहोलच्या साठ्यावरून अग्निसुरक्षेची अडचण आली, म्हणून जूनपासून पाण्यात दळू लागलो. वेळ तोच ठेवला. पाण्याची स्लरी, म्हणजे पावडरीचा पातळ काला, आमच्याकडे वाळवता येत नाही, म्हणून ती ठाणे परिसरातल्या एका जॉबवर्कवाल्याकडे स्प्रे ड्रायरवर (थेंब गरम हवेत उडवून दाणे करणारे यंत्र) वाळवून घेतली. बाइंडर म्हणून पीव्हीए, आणि त्याला मऊ ठेवायला थोडे पीईजी. पावसामुळे दाणे चिकट होऊ नयेत म्हणून कडक वाळवून द्या, असे मीच त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी दाणे दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधून पाठवले. मिलमधले गोळे पूर्वीपासून सिलिकॉन नायट्राइडचेच आहेत.

उपवन_विद्यार्थी

मी ठाण्यात राहतो आणि पदार्थविज्ञानात एम.टेक. करतो आहे. विषयांतर होत असेल तर क्षमा असावी, पण एक मूलभूत शंका आहे. मिश्रणात अल्फा जातीची पावडर घेतली जाते आणि भाजून झालेल्या मालाच्या क्ष-किरण आलेखात मात्र बीटाच दिसते. शेवटी बीटाच हवी असेल तर सुरुवातीलाच बीटा पावडर का घेत नाहीत?

ऐरोली_निवृत्त

हे विषयांतर नाही, हाच विषयाचा गाभा आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. रबाळेकरांनी तोवर जॉबवर्कवाल्याकडे त्या ड्रायरवर आणखी कोणता माल निघतो ते विचारून ठेवावे.

सिलिकॉन नायट्राइडमधले बंध इतके घट्ट असतात की अणू घन अवस्थेत जागचे हलत नाहीत, आणि त्यामुळे नुसती शुद्ध पावडर कितीही तापवली तरी ती घट्ट होत नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचा ऑक्साइड) मिसळून आणि गरम असतानाच दाब देऊन ती घट्ट करता येते असे दिसले. पुढे मॅग्नेशियाच्या जागी यिट्रिया आली. हे ऑक्साइड करतात काय, तर प्रत्येक कणावर सिलिकाचा जो पातळ पापुद्रा असतो त्याच्याशी मिळून ते द्रव बनवतात. त्या द्रवात अल्फाचे बारीक कण विरघळतात आणि बीटाच्या रूपात पुन्हा बाहेर पडतात. बीटाचा स्फटिक षट्कोनी असतो आणि त्याला एका दिशेने वाढण्याची ओढ असते, म्हणून तो कांडीसारखा लांबतो. थंड झाल्यावर या कांड्या एकमेकींत अडकून बसतात, जणू वाळूत ज्वारीची धाटे पुरावीत. तडा पुढे जाऊ लागला की त्याला कांडी ओलांडावी लागते, वळसा घ्यावा लागतो किंवा ती उपसून काढावी लागते. चिवटपणा येतो तो येथून. गोलसर कणांच्या मालात तो ३-४ वर अडकतो आणि कांड्यांच्या मालात ६ ते ८ पर्यंत सहज जातो.

सुरुवातीची पावडरच बीटा असेल तर काय होते? प्रत्येक कण आधीच बीटाचे बीज असतो. सगळीच बीजे वाढू पाहतात, एकमेकांना खेटतात आणि कोणालाच लांब होण्याइतकी मोकळीक मिळत नाही. अल्फा पावडरीत बीटाचे प्रमाण दोन-पाच टक्के असते, तेवढीच बीजे आणि भोवताली विरघळायला तयार अल्फाचा मुबलक साठा, अशी स्थिती असते. मोजक्या रोपांना भरपूर खत मिळाले की ती फोफावतात, तसे हे आहे. मात्र हेही टोकाला नेता येत नाही. पावडरीत बीटाचे काही जाडे कण राहिले तर तेच पुढे राक्षसी कांड्या होतात. चिवटपणा वाढलेला दिसतो, पण एवढी मोठी कांडी स्वतःच दोष ठरते आणि ताकद उतरते. ताकद आणि चिवटपणा एकाच वेळी वाढत नाहीत याचे एक कारण हे आहे, आणि पावडर विकणारे प्रतिनिधी ते फारसे सांगत नाहीत.

पावडर कशी बनवली यावरही पुष्कळ अवलंबून असते. सर्वांत जुनी आणि स्वस्त पद्धत म्हणजे सिलिकॉनची पूड नायट्रोजनमध्ये तापवणे. ही क्रिया स्वतःच प्रचंड उष्णता सोडते, सिलिकॉन १४१४ अंशांना वितळतो, आणि हात सैल सुटला तर ढेकळे होतात व बीटा वाढते. मग ती ढेकळे दळावी लागतात आणि दळताना लोखंड शिरते, ते आम्लाने धुऊन काढतात. दुसरी पद्धत सिलिका आणि कार्बनपासून आहे. तिसरी, जपानमधल्या उबे कंपनीने नावारूपाला आणलेली, सिलिकॉन टेट्राक्लोराइड आणि अमोनियापासून डायइमाइड बनवून ते भाजण्याची आहे. तिचे कण जवळजवळ सारख्या आकाराचे, अल्फाचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या वर आणि धातूंची अशुद्धी अत्यल्प असते. ती महागही असते. वेल्डिंगच्या पिनेला पहिल्या पद्धतीची चांगली पावडर पुरते, बेअरिंगच्या गोळ्याच्या बाबतीत मी तसे म्हणणार नाही.

आता पाण्याकडे वळतो. सिलिकॉन नायट्राइड पाण्यात दळताना मिलचे झाकण उघडले की अमोनियाचा वास येतो. रबाळेकर, तुम्हाला आला असेलच. नव्याने फुटलेल्या पृष्ठभागावर पाण्याची क्रिया होते, नायट्रोजन अमोनियाच्या रूपाने निघून जातो आणि मागे सिलिका राहते. २४ तास दळल्यावर तिची मात्रा दुर्लक्ष करण्याजोगी नसते. जास्त सिलिका म्हणजे भट्टीत जास्त द्रव आणि थंड झाल्यावर कांड्यांच्या मध्ये जास्त काच. माल घट्ट होतो, त्यामुळे घनता छान दिसते, पण तापलेल्या अवस्थेत ही काच आधी मऊ होते. तुमच्या पिनेचे टोक तर तापतेच. दोन्ही पावडरींचा ऑक्सिजन मोजून घ्या.

रबाळे_भट्टी

वास आला होता, आम्हाला तो शेजारच्या रासायनिक कारखान्यातून येतो आहे असे वाटले. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्याला वासाचे नवल राहत नाही.

जॉबवर्कवाल्याकडे चौकशी केली. त्याच ड्रायरवर ते ॲल्युमिना आणि चुंबकाचे फेराइट (लोहाच्या ऑक्साइडचा पदार्थ) वाळवतात. आमच्या आधी फेराइटचा माल झाला होता, पण ड्रायर धुतला होता असे ते म्हणतात. ऑक्सिजनची मोजणी झाली: दळलेल्या मार्चच्या पावडरीत १.४ टक्के आणि जुलैच्या पावडरीत २.१ टक्के.

नेरुळ_सूक्ष्मदर्शी

हा धागा सुरुवातीपासून वाचते आहे. माझे काम तुटलेल्या वस्तूंची पृष्ठे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे आहे. पट्ट्यांचे तुकडे टाकून दिले नसतील, तर दोन्ही अर्धे एकमेकांना न घासता वेगवेगळ्या कागदात गुंडाळून पाठवावेत. पुष्कळ लोक कौतुकाने तुकडे पुन्हा जोडून पाहतात आणि तडा जेथून निघाला ती जागाच घासून टाकतात. सर्वांत कमी ताकदीच्या बारा पट्ट्या द्या. चांगल्या पट्ट्या पाहण्यात मला रस नाही.

रबाळे_भट्टी

ताई, उद्याच माणूस पाठवतो. तुकडे आहेत, सुदैवाने कोणी जोडून पाहिलेले नाहीत.

कोलशेत_खरेदी

एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. एवढा शोध घेण्याऐवजी भाजलेला माल हिप यंत्रात, म्हणजे सर्व बाजूंनी वायूचा उच्च दाब देऊन पुन्हा तापवला, तर आतल्या पोकळ्या बंद होणार नाहीत का? बेअरिंगचे गोळे बनवणारे तसेच करतात असे ऐकले आहे.

ऐरोली_निवृत्त

तसे करतात, आणि बंद पोकळ्या मिटतातही. मात्र पृष्ठभागापर्यंत उघडी असलेली पोकळी मिटत नाही, कारण वायू तिच्यातही शिरतो. मोठी पोकळी मिटली तरी तेथे बरेचदा काचेचा ठिपका साचतो आणि तोही दुबळाच असतो. बाहेरचा धातूचा कण तर हिपमुळे जागचा हलतही नाही. शिवाय वेल्डिंगच्या पिनेच्या किमतीत हा खर्च बसणार नाही. ज्यांचा गोळा पोलादाच्या ४० टक्के वजनाचा आणि यंत्राच्या मिनिटाला हजारो फेऱ्यांत फिरणारा आहे, त्यांना तो परवडतो. तेही आधी पावडर स्वच्छ करतात आणि मगच हिपकडे जातात.

नेरुळ_सूक्ष्मदर्शी

तपासणी झाली, निष्कर्ष लिहिते.

बारापैकी सात पट्ट्यांमध्ये तड्याचा उगम एका पोकळीपाशी आहे. ही पोकळी गोल नाही. ती चंद्रकोरीसारखी किंवा मेदूवड्याच्या भोकासारखी दिसते, आणि तिच्या भोवती एका दाण्याचे कवच जसेच्या तसे ओळखू येते. आकार ६० ते ९० मायक्रॉन. ऐरोलीच्या काकांनी गणिताने काढलेला आकडा आणि हा आकार जुळतो. तीन पट्ट्यांमध्ये उगमापाशी चमकदार, पांढरट ठिपका आहे आणि क्ष-किरण विश्लेषणात तेथे लोखंड व सिलिकॉन सापडले. हे लोहाचे सिलिसाइड आहे. उरलेल्या दोन पट्ट्या घासताना पडलेल्या ओरखड्यापासून मोडल्या आहेत, त्यात पावडरीचा दोष नाही.

मी उरलेले कच्चे दाणेही मागवून पाहिले. निम्म्याहून अधिक दाण्यांना एका बाजूने खळगा आहे आणि फोडल्यावर आतून ते पोकळ निघतात. कवच कडक आहे, नखाखाली चुरडत नाही. दाण्यांच्या पिशवीत चुंबक फिरवला तेव्हा त्याला काळसर पूड चिकटली. सिलिकॉन नायट्राइड चुंबकाला चिकटत नाही, हे सांगायला नकोच.

ऐरोली_निवृत्त

नेरुळच्या ताईंचे आभार. एका तपासणीने महिन्याभराची चर्चा वाचवली.

पोकळ दाणा कसा होतो ते सांगतो, कारण यात एक गंमत आहे. स्प्रे ड्रायरमध्ये स्लरीचा थेंब गरम हवेत उडतो आणि बाहेरून वाळू लागतो. स्लरीतले कण एकमेकांपासून पूर्ण सुटे असतील, तर आतला द्रव बाहेर येताना ते त्याच्यासोबत वाहत येऊन पृष्ठभागावर थापले जातात. त्यांच्याबरोबर विरघळलेला पीव्हीएही बाहेर येतो आणि कवच बनते. आतला उरलेला ओलावा निघून जाताना आत पोकळी राहते, कवचाची एक बाजू आत ओढली जाते आणि खळगा पडतो. म्हणजे स्लरी जितकी उत्तम सुटी केलेली, तितका दाणा पोकळ होण्याचा धोका अधिक. कण किंचित गुठळलेले ठेवले तर ते जागच्या जागी जाळे धरून राहतात आणि दाणा भरीव होतो. प्रयोगशाळेत आपण स्लरी पातळ आणि एकजीव झाली की खूश होतो, ड्रायरचा कारागीर मात्र तिच्यात थोडी गुठळी मागतो, आणि या बाबतीत तो बरोबर असतो. स्लरीत घन पदार्थ कमी असेल तर पोकळपणा आणखी वाढतो.

आता पावसाकडे येऊ. पीव्हीए कोरडा असला की काचेसारखा कडक होतो. हवेतला थोडा ओलावा आणि पीईजी त्याला मऊ ठेवतात, आणि दाबल्यावर दाणा चुरडून शेजारच्या दाण्यात मिसळावा यासाठी तो मऊपणा लागतो. ठाण्यात जुलैमध्ये हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते, या धास्तीने तुम्ही दाणे कडक वाळवून घेतले आणि दुहेरी पिशवीत बांधून ठेवले. त्यामुळे ते साच्यात गेले तेव्हा उन्हाळ्यातल्यापेक्षाही कोरडे होते. कवचे फुटली नाहीत, आतली पोकळी तशीच राहिली आणि भट्टीत भोवतालचा भाग आक्रसला तरी ८० मायक्रॉनची पोकळी भरून निघाली नाही. तुमच्या फोरमनना सांगा की दोष पावसाच्या धास्तीचा होता, पावसाचा नव्हे. उलट दाणे फार ओले झाले असते, तर ते साच्याला चिकटले असते आणि ते तुम्हाला त्याच दिवशी दिसले असते.

लोखंडाचा उगम फेराइट आहे, याविषयी मला शंका नाही. लोहाचा ऑक्साइड १८०० अंशांना सिलिकॉन नायट्राइडशी क्रिया करतो, वितळलेले सिलिसाइड बनते आणि नायट्रोजनचा बुडबुडा सुटतो. म्हणजे ठिपका आणि त्याला लागून पोकळी, असा जोडदोष तयार होतो.

उपवन_विद्यार्थी

ऑक्सिजनविषयी आणखी एक विचारतो. विजेच्या मोटारींच्या इन्व्हर्टरमध्ये वापरल्या जाणाऱ्या सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पट्ट्यांमध्येही ऑक्सिजन कमी हवा असे वाचले. तेथे तर वाकवण्याची ताकद हा मुख्य मुद्दा नसावा.

ऐरोली_निवृत्त

तेथे उष्णतावहन हा मुद्दा आहे. ऑक्सिजन बीटाच्या जाळीत शिरला की जाळीत रिकाम्या जागा पडतात आणि उष्णता वाहून नेणारी कंपने त्यांच्यावर आदळून विखुरतात. ॲल्युमिनियमही जाळीत शिरतो, म्हणून त्या मालात ॲल्युमिना वापरत नाहीत, यिट्रियासोबत मॅग्नेशिया घालतात. बाजारातल्या पट्ट्या साधारण ९० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास असतात. जपानच्या संशोधकांनी २०११ मध्ये १७७ पर्यंत मजल मारली, आणि त्यांनी सिलिकॉनच्या पावडरीपासून सुरुवात करून घडवलेल्या वस्तूतच तिचे नायट्राइड केले होते. तयार नायट्राइड दळण्यात जो ऑक्सिजन शिरतो, तो त्यांनी बराच टाळला. रबाळेच्या पिनेला याची गरज नाही.

तळोजा_रिफ्रॅक्टरी

एक छोटी भर घालतो. यिट्रिया वजन करण्याआधी भाजून घेत आहात ना? ती उघडी राहिली की हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढते, आणि मग ५ टक्के म्हणून जे मोजले त्यात यिट्रिया कमी आणि हवा जास्त असते. पावसाळ्यात मॅग्नेशियाचे तर विचारूच नये.

रबाळे_भट्टी

यिट्रिया भाजून घेत नव्हतो, आता घेतो. ही चूक मार्चमध्येही होतीच, फक्त कोरड्या हवेत ती झाकली गेली असावी.

दीड महिन्यानंतर पुन्हा लिहितो आहे. गणपतीच्या सुटीनंतर नवी बॅच काढली. पाण्यात दळणे सोडता आले नाही, पण वेळ २४ तासांवरून ८ तासांवर आणला. आधीच बारीक असलेल्या पावडरीला तेवढा वेळ खरोखर पुरतो, २४ तास ही आमची केवळ सवय होती. दळणापुरता पीएच १० ठेवला आणि ड्रायरकडे पाठवण्याआधी तो थोडा खाली आणून स्लरी किंचित घट्ट होऊ दिली. जॉबवर्कवाले बदलले. नव्या ठिकाणी फेराइट होत नाही, आणि ड्रायरमधून निघालेले पहिले दोन किलो दाणे आम्ही पैसे देऊन फेकले. बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान कमी ठेवायला सांगितले. साच्यात भरण्याआधी दाणे एक दिवस ५५ टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत पसरून ठेवतो, ती खोली म्हणजे एका जुन्या केबिनमध्ये बसवलेले ओल शोषणारे यंत्र. साच्यातून निघालेल्या मालाला पूर्वीप्रमाणेच २०० मेगापास्कलचा सर्व बाजूंनी दाब.

घनता पुन्हा ३.२३. ऑक्सिजन १.६ टक्के. तीस पट्ट्या मोडल्या: सरासरी ७४०, सर्वांत दुबळी ६२०. मार्चच्या सरासरीला अजून पोहोचलो नाही, पण मार्चमध्येही एक पट्टी ५६० ला मोडली होती, ती या वेळी नाही.

नेरुळ_सूक्ष्मदर्शी

या बॅचच्या सर्वांत दुबळ्या पाच पट्ट्या पाहिल्या. सिलिसाइड एकाही ठिकाणी नाही. तीन ठिकाणी दोन दाण्यांच्या सांध्यात राहिलेली फट आहे, आकार ४० ते ५० मायक्रॉन, आणि दोन ओरखड्यांच्या आहेत. म्हणजे आता घासण्याच्या चाकाकडे लक्ष देण्याची वेळ आली आहे. चाक बारीक हिऱ्याचे घ्यावे आणि शेवटचे घासणे पट्टीच्या लांबीच्या दिशेने करावे, आडवे करू नये.

ऐरोली_निवृत्त

ताकद ७४० वर असताना दुबळी पट्टी ६२० ला जात असेल, तर सरासरीच्या मागे धावू नका. गिऱ्हाइकाकडे सरासरी पिन जात नाही, प्रत्येक पिन जाते. सांध्यातली फट कमी करायची असेल तर पीईजी थोडे वाढवून पाहा, मात्र बाइंडर जाळताना घाई करू नका. कार्बन उरला तर तो भट्टीत सिलिकाशी क्रिया करून द्रव कमी करतो आणि मग घनताच बिघडते. वीज जाण्याचा धोका त्या भट्टीला आहे, तेव्हा तिला आधी जनरेटर जोडा.

रबाळे_भट्टी

जनरेटरची जोडणी या शुक्रवारच्या सुटीत करून घेतो. एक शेवटचा प्रश्न. जुलैच्या जॉबवर्कचे चाळीस किलो दाणे गोदामात पडून आहेत. पावडर महाग आहे, फेकवत नाही. त्यांचे काही करता येईल का?

ऐरोली_निवृत्त

बाइंडर ५५० अंशांना हवेत सावकाश जाळा, पुन्हा थोडा वेळ दळा आणि स्लरी २० मायक्रॉनच्या चाळणीतून व चुंबकी सापळ्यातून दोनदा काढा. फेराइट कच्च्या अवस्थेतच चुंबकाला सापडते, भट्टीत जाऊन सिलिसाइड झाल्यावर ते काढण्याचा मार्ग उरत नाही. एवढे करूनही ऑक्सिजन २.१ च्या वरच जाणार आहे, तेव्हा त्यातून विक्रीची पिन बनवू नका. नवा साचा आला की माल किती आक्रसतो ते बसवायला पहिली दोन-तीनशे नगे लागतातच, ती यातून काढा. पिशवीवर लाल रंगाने "विक्रीसाठी नाही" असे लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या जुलैत कोणीतरी ती ताज्या मालात ओतेल.